गोळीबारानंतर : स्मारक, आयोग आणि न्याय

महाराष्ट्र राज्याच्या जन्माची कथा पोलिसांच्या गोळीबारापासून वेगळी काढता येत नाही. मुंबईच्या फोर्ट भागातील ज्या चौकाला आज हुतात्मा चौक म्हणतात, त्या परिसरात 21 नोव्हेंबर 1955 रोजी तत्कालीन मुंबई राज्याच्या पोलिसांनी संयुक्त महाराष्ट्राची मागणी करणाऱ्या निदर्शकांवर गोळ्या झाडल्या. त्यानंतर जानेवारी 1956 मध्ये, मुंबई केंद्रशासित होणार अशी घोषणा होताच शहरात जो उद्रेक झाला, तोही गोळीबारानेच दडपण्यात आला, आणि या बळींची 105 ही संख्या मराठी माणसाच्या तोंडी कायमची बसली. राज्य स्थापन झाल्यावर या मृतांना सर्वोच्च सन्मान मिळाला, त्यांचे स्मारक उभे राहिले आणि दर 1 मे रोजी सत्तेवर कोणताही पक्ष असो, मुख्यमंत्री तेथे पुष्पचक्र वाहतात. याच राज्यात पुढे राज्याच्याच पोलिसांच्या गोळ्यांनी जी निःशस्त्र माणसे मेली, आणि ज्यांत तरुणांचा भरणा नेहमीच मोठा होता, त्यांच्या वाट्याला काय आले, समाजाने त्या मृत्यूंकडे कसे पाहिले आणि न्यायाची यंत्रणा त्यांच्यासाठी कुठवर चालली, या प्रश्नांचा विचार येथे करावयाचा आहे. 11 जुलै 1997 रोजी घाटकोपरच्या माता रमाबाई आंबेडकर नगरात झालेला गोळीबार हा या विवेचनाचा मध्यबिंदू आहे, कारण जमाव, पोलीस, आयोग, न्यायालय, राजकारण आणि कला या सर्वांचे परस्परसंबंध त्या एका घटनेत जितके स्पष्ट दिसतात तितके क्वचितच इतरत्र दिसतात.

कायद्याने दिलेली मुभा आणि घातलेली मर्यादा

पोलिसांनी गोळी झाडण्याचे प्रसंग कायद्याच्या दृष्टीने मुख्यतः दोन प्रकारचे असतात. पहिला प्रकार जमाव पांगवण्याचा. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 129 अन्वये, आणि 1 जुलै 2024 पासून तिच्या जागी आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 148 अन्वये, कार्यकारी दंडाधिकारी, म्हणजे न्यायदानाऐवजी प्रशासनाचे काम करणारा महसूल खात्यातील अधिकारी, किंवा पोलीस ठाण्याचा प्रभारी अधिकारी, आणि तो हजर नसल्यास उपनिरीक्षकापेक्षा कमी दर्जाचा नसलेला पोलीस अधिकारी, बेकायदा जमावाला पांगण्याचा हुकूम देऊ शकतो आणि हुकूम न पाळल्यास बळाचा वापर करू शकतो. या तरतुदीचे मूळ ब्रिटिशकालीन संहितेत आहे. हे बळ पायरीपायरीने वापरावे, म्हणजे आधी इशारा, मग लाठी, मग अश्रुधूर आणि दुसरा कोणताही उपाय उरला नाही तरच गोळी, तीही कमरेखाली आणि जमाव हटू लागताच थांबणारी, अशी पोलीस प्रशिक्षणातील शिस्त आहे.

दुसरा प्रकार अटकेचा किंवा स्वसंरक्षणाचा, ज्यातून ‘चकमक’ नावाची गोष्ट जन्माला आली. अटकेला विरोध करणाऱ्यावर आवश्यक तेवढे बळ वापरता येते. परंतु ज्याच्यावर देहान्त किंवा जन्मठेपेच्या शिक्षेस पात्र अशा गुन्ह्याचा आरोप नाही, अशा माणसाचा अटक करताना जीव घेण्याचा अधिकार कायदा देत नाही, हे जुन्या संहितेच्या कलम 46 मध्ये आणि नव्या संहितेच्या कलम 43 मध्ये स्पष्ट लिहिलेले आहे. स्वसंरक्षणाचा हक्क पोलिसाला सामान्य नागरिकाइतकाच आहे, त्याहून अधिक नाही.

या मर्यादांच्या समोर एक जाड भिंतही कायद्यानेच उभी केली आहे. जमाव पांगवताना सद्भावाने, म्हणजे प्रामाणिक हेतूने, केलेली कृती गुन्हा मानली जात नाही, आणि अशा कृतीबद्दल राज्य शासनाच्या पूर्वमंजुरीशिवाय कोणत्याही फौजदारी न्यायालयात खटला दाखल करता येत नाही. ज्या शासनाचे पोलीस त्याच शासनाच्या हाती परवानगीची किल्ली, अशी ही रचना आहे. लोकसेवकांवरील खटल्यांसाठी लागणाऱ्या सर्वसाधारण मंजुरीबाबत नव्या संहितेच्या कलम 218 मध्ये 120 दिवसांची मुदत घातली गेली असून त्या अवधीत शासनाने निर्णय दिला नाही तर मंजुरी मिळाली असे मानले जाते. मात्र जमावावरील गोळीबाराला लागू होणाऱ्या कलम 151 मध्ये अशी कोणतीही मुदत नाही. सुधारणेचा हात जेथे सर्वांत आधी पोहोचायला हवा होता, तेथे तो पोहोचलेला नाही.

स्मारकांची परंपरा

मराठी मुलुखात गोळीबाराची स्मृती हुतात्मा चौकाच्याही आधीपासून आहे. नंदुरबार येथे 9 सप्टेंबर 1942 रोजी तिरंगा घेऊन निघालेल्या विद्यार्थ्यांच्या मिरवणुकीवर पोलिसांनी गोळीबार केला आणि त्यात अवघ्या पंधरा वर्षांचा शिरीषकुमार मेहता व त्याचे सोबती धारातीर्थी पडले. परकीय सत्तेच्या गोळीला बळी पडलेल्या या मुलांबद्दल महाराष्ट्रात कधी दोन मते झाली नाहीत, आणि शाळेच्या पुस्तकांतून त्यांचे नाव पुढच्या पिढ्यांपर्यंत गेले.

स्वातंत्र्यानंतर मात्र प्रश्न अवघड झाला, कारण गोळी झाडणारे सरकार आता आपलेच होते. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात मोरारजी देसाई यांच्या सरकारने केलेल्या गोळीबाराची न्यायालयीन चौकशी व्हावी ही मागणी फेटाळली गेली, तेव्हा केंद्रीय अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख यांनी 1956 मध्ये राजीनामा दिला आणि मुंबईविषयीच्या धोरणाबरोबरच चौकशीला दिलेल्या नकारावरही लोकसभेत टीका केली. पदावर असलेल्या एका मंत्र्याने पोलिसांच्या गोळीबाराच्या चौकशीचा प्रश्न आपल्या राजीनाम्याच्या कारणांत धरावा, असे उदाहरण भारतीय राजकारणात विरळा आहे. हुतात्म्यांना पुढे राज्य मिळाले, स्मारक मिळाले. परंतु त्या गोळ्या कोणाच्या हुकमाने आणि कोणत्या परिस्थितीत झाडल्या गेल्या याचा न्यायालयीन निवाडा कधीच झाला नाही. स्मारकाने चौकशीची जागा घ्यावी हा प्रघात राज्याच्या पायातच असा घातला गेला.

जानेवारी 1984 मध्ये उरण-पनवेल परिसरातील शेतकऱ्यांनी सिडकोच्या भूसंपादनाविरुद्ध दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली जे आंदोलन केले, त्यावरील गोळीबारात पाच जण मरण पावले. या लढ्याचे फळ साडेबारा टक्के योजनेच्या रूपाने मिळाले. संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के इतकी विकसित जमीन मूळ मालकाला परत देणारी ही योजना पुढे भूसंपादनाच्या चर्चेत आदर्श म्हणून सांगितली गेली. मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराच्या लढ्यातही 1978 मध्ये नागपूरच्या इंदोरा भागात दलित निदर्शक पोलिसांच्या गोळ्यांना बळी पडले, आणि तेथील नामांतर शहीद स्मारकावर आजही दर वर्षी माणसे जमतात. या दोन्ही ठिकाणी मागणी अखेर मान्य झाली, एकीकडे जमिनीची आणि दुसरीकडे 14 जानेवारी 1994 रोजी नामविस्ताराच्या रूपाने विद्यापीठाच्या नावाची. आंदोलनाची मागणी मान्य करणे शासनाला जमते. गोळी झाडण्याच्या निर्णयाचा हिशेब देणे जमत नाही, असा निष्कर्ष या इतिहासातून निघतो.

रमाबाई नगर, 11 जुलै 1997

घाटकोपर पूर्वेला पूर्व द्रुतगती महामार्गाला लागून असलेली माता रमाबाई आंबेडकर नगर ही प्रामुख्याने बौद्धांची, कष्टकऱ्यांची मोठी वस्ती. त्या शुक्रवारी पहाटे वस्तीतील डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पुतळ्याला चपलांचा हार घातल्याचे रहिवाशांच्या लक्षात आले. डॉ. आंबेडकरांचा पुतळा दलित वस्तीत शोभेची वस्तू म्हणून उभा नसतो. माणूस म्हणून मिळालेल्या मान्यतेची ती उघड्यावर केलेली नोंद असते, आणि म्हणूनच तिची विटंबना वस्तीतल्या प्रत्येकाला स्वतःच्या अंगावर झालेला हल्ला वाटते. लोक जमले, तक्रार द्यायला गेले, आणि पाहता पाहता संतप्त जमाव महामार्गावर आला आणि वाहतूक अडली.

काही वेळातच तेथे राज्य राखीव पोलीस दलाची तुकडी आली. राज्य राखीव पोलीस दल म्हणजे दंगल, निवडणूक किंवा आपत्तीच्या प्रसंगी हवे तेथे धाडता यावे म्हणून कंपन्यांच्या रूपाने सज्ज ठेवलेले सशस्त्र पोलीस. स्थानिक ठाण्यातील हवालदाराला वस्तीतील कार्यकर्ते, गल्ल्या आणि माणसांचा स्वभाव जसा ठाऊक असतो, तसा तो या दलाला ठाऊक नसतो. उपनिरीक्षक मनोहर कदम यांच्या नेतृत्वाखालील या तुकडीने सकाळी साडेसातनंतर वस्तीच्या दिशेने गोळीबार केला. त्यात दहा जण मरण पावले आणि 26 जण जखमी झाले. महामार्ग अडवणाऱ्यांपैकी नसलेले, वस्तीच्या तोंडाशी किंवा गल्लीत असलेले लोकही त्यात सापडले, आणि अनेकांना गोळ्या कमरेच्या वर लागल्या होत्या. दुपारी पोलिसांनी पुन्हा वस्तीत शिरून लाठीमार केला आणि अश्रुधूर सोडला. सकाळी विटंबनेची तक्रार घेऊन निघालेली वस्ती दुपारपर्यंत आरोपीच्या पिंजऱ्यात उभी केली गेली होती.

पोलिसांच्या बाजूने जे समर्थन पुढे आले, त्याचा आधार महामार्गावर अडकलेले ज्वलनशील वायूचे टँकर हा होता. जमाव ते पेटवण्याच्या बेतात होता आणि तसे झाले असते तर शेकडो जीव गेले असते, म्हणून गोळीबार अटळ होता, असे सांगण्यात आले. मोठ्या अनर्थाचा धोका दाखवून प्रत्यक्ष घडलेल्या अनर्थाचे समर्थन करण्याची ही रीत अशा प्रकरणांत सर्वत्र आढळते, आणि तिची ताकद अशी की जो अनर्थ घडलाच नाही तो खोटा ठरवण्याचे ओझे मृतांच्या नातेवाइकांवर येऊन पडते.

आयोगापासून न्यायालयापर्यंत

मनोहर जोशी यांच्या नेतृत्वाखालील शिवसेना-भाजप सरकारने न्यायमूर्ती गुंडेवार यांचा चौकशी आयोग नेमला. चौकशी आयोग 1952 च्या कायद्याखाली नेमले जातात. साक्षीदारांना बोलावणे, कागदपत्रे मागवणे, शपथेवर जबाब घेणे हे अधिकार आयोगाला असतात, परंतु त्याचे निष्कर्ष शिफारशींच्या स्वरूपाचे असतात आणि ते स्वीकारण्याचे बंधन शासनावर नसते. आयोगापुढे दिलेली साक्ष त्या साक्षीदाराविरुद्ध खटल्यात पुरावा म्हणून वापरता येत नाही. त्यामुळे आयोगाने दोषी ठरवलेल्या माणसावर खटला भरायचा तर पोलिसांना पुन्हा पहिल्यापासून तपास करावा लागतो, पुन्हा तेच साक्षीदार उभे करावे लागतात, आणि मधल्या वर्षांत स्मरण पुसट होते, माणसे घर बदलतात, काही मरतातही.

आयोगाचा अहवाल 1998 मध्ये आला. गोळीबार अनावश्यक आणि असमर्थनीय होता असा निर्वाळा त्याने दिला, टँकरचे समर्थन ग्राह्य धरले नाही आणि कदम यांना जबाबदार धरले. त्यांच्यावर आरोपपत्र दाखल होण्यास 2001 साल उजाडले. 7 मे 2009 रोजी शिवडीच्या जलदगती न्यायालयाने त्यांना सदोष मनुष्यवधाबद्दल, म्हणजे खुनाच्या व्याख्येत न बसणाऱ्या परंतु दंडनीय अशा मनुष्यहत्येबद्दल, जन्मठेपेची शिक्षा सुनावली. आठवडाभरातच उच्च न्यायालयाने शिक्षा स्थगित करून त्यांना जामीन दिला. काही मिनिटांच्या गोळीबाराचा पहिला निकाल लागायला जवळजवळ बारा वर्षे लागली, आणि त्या शिक्षेची अंमलबजावणी थांबायला आठ दिवसही लागले नाहीत.

या निकालाचे महत्त्व तरीही नाकारता येत नाही. जमावावरील गोळीबाराबद्दल पोलीस अधिकाऱ्याला जन्मठेप होणे ही भारतात अत्यंत दुर्मीळ गोष्ट आहे. मात्र त्यात एक गंभीर उणीव राहिली. संपूर्ण प्रकरणात शिक्षा झाली ती एका उपनिरीक्षकाला. राखीव दलाची तुकडी कोणत्या सूचना देऊन धाडली गेली, स्थानिक ठाण्याचे अधिकारी त्या वेळी काय करत होते, दंडाधिकाऱ्याला बोलावण्याचा विचार कोणी केला होता काय, या प्रश्नांची फौजदारी जबाबदारी त्या उपनिरीक्षकाच्या वरच्या कोणावरही आली नाही. हुकमाची साखळी वरून खाली येते आणि दोषाची साखळी खालच्या कडीपाशीच तुटते, हे जोवर चालेल तोवर प्रत्येक गोळीबार एका माणसाची चूक म्हणून निकालात काढला जाईल.

शोक, मतपेटी आणि शाहिरी

रमाबाई नगरनंतर राज्यभर बंद पाळले गेले, मोर्चे निघाले, आणि त्या असंतोषाचा परिणाम राजकारणावर लगेच दिसला. 1998 च्या लोकसभा निवडणुकीत काँग्रेसशी समझोता केलेल्या रिपब्लिकन पक्षाचे प्रकाश आंबेडकर, रा. सू. गवई, रामदास आठवले आणि जोगेंद्र कवाडे असे चार खासदार महाराष्ट्रातील खुल्या मतदारसंघांतून निवडून आले. या यशामागे पक्षांच्या जुळणीचे गणित होते, तसाच घाटकोपरच्या गोळीबाराने एकत्र आणलेल्या मतदारांचा रागही होता. पण हे ऐक्य टिकले नाही. गट पुन्हा वेगळे झाले, आणि ज्या मागणीसाठी मते मिळाली होती ती मागणी न्यायालयाच्या तारखांवर सोडून नेते पुढे गेले.

या घटनेची सर्वांत खोल जखम शाहिरीच्या क्षेत्रात दिसली. आव्हान नाट्य मंचाचे शाहीर विलास घोगरे यांनी गोळीबारानंतर चौथ्या दिवशी, 15 जुलै 1997 रोजी, आत्महत्या केली. कामगारांची, झोपडपट्टीची, जातीच्या छळाची गाणी गात आयुष्य घालवलेल्या कलावंताचा हा अंत आनंद पटवर्धन यांच्या ‘जय भीम कॉम्रेड’ या माहितीपटाचा आरंभ ठरला. चौदा वर्षे चित्रित होत राहिलेला हा माहितीपट 2011 मध्ये पूर्ण झाला. त्यात रमाबाई नगरच्या न्यायाची रखडपट्टी आहे, आणि तिच्या जोडीला महाराष्ट्रातील आंबेडकरी गाण्यांची, जलशांची आणि वस्त्यावस्त्यांतील वादविवादांची मोठी नोंद आहे. जे काम सरकारी दफ्तराने करायचे, म्हणजे साक्षी जपायच्या, नावे विसरू द्यायची नाहीत आणि दर टप्प्यावर काय झाले ते लिहून ठेवायचे, ते काम येथे एका चित्रपटाने केले.

वस्तीने स्वतःचे स्मारक उभारले आणि दर वर्षी 11 जुलैला तेथे अभिवादन होते. परंतु या अभिवादनाचे वर्तुळ आणि हुतात्मा चौकातील अभिवादनाचे वर्तुळ वेगळे राहिले. राज्याच्या मागणीसाठी मेलेल्यांना सर्व महाराष्ट्र आपले मानतो, आणि आत्मसन्मानासाठी रस्त्यावर आलेल्यांचे मरण मात्र एका समाजाचे दुःख म्हणून बाजूला काढले जाते. मृत कोण आहे हे पाहून मृत्यूचे मोल ठरवण्याची ही सवय गोळीबाराच्या जबाबदारीचा प्रश्न सुटू न देण्यास शासनाइतकीच कारणीभूत आहे.

निवडक सहानुभूती

हीच सवय डिसेंबर 1992 आणि जानेवारी 1993 मधील मुंबईच्या दंगलीत अधिक उघडी पडली. न्यायमूर्ती बी. एन. श्रीकृष्ण आयोगाच्या नोंदीप्रमाणे त्या दोन महिन्यांत 900 माणसे मरण पावली, आणि त्यांपैकी 356 पोलिसांच्या गोळीबारात. चाकूहल्ल्यांत मेलेल्यांपेक्षाही ही संख्या थोडी अधिक आहे. मोहम्मद अली रोडवरील सुलेमान उस्मान बेकरीत 9 जानेवारी 1993 रोजी झालेल्या पोलिसी कारवाईत निःशस्त्र माणसे मारली गेली, असा निष्कर्ष आयोगाने काढला आणि एकूण 31 पोलिसांवर ठपका ठेवला. 1998 मध्ये आलेला हा अहवाल तत्कालीन सरकारने एकांगी म्हणून फेटाळला. सरकार बदलल्यावर बेकरी प्रकरणात तत्कालीन सह पोलीस आयुक्त आर. डी. त्यागी यांच्यासह काही पोलिसांवर 2001 मध्ये गुन्हा नोंदवला गेला, पण 2003 मध्ये त्यागी व आणखी काही जणांना न्यायालयाने खटल्याआधीच आरोपमुक्त केले. एकाच सरकारपुढे एकाच वर्षी आलेल्या गुंडेवार आणि श्रीकृष्ण या दोन अहवालांचे भवितव्य वेगवेगळे ठरले, आणि त्याचे कारण कायद्यात शोधून सापडणार नाही.

राजकीय पक्षांच्या भूमिका या बाबतीत किती सहज बदलतात हे मावळच्या गोळीबाराने दाखवले. पवना धरणातून पिंपरी-चिंचवडला बंद जलवाहिनीने पाणी नेण्याला विरोध करणाऱ्या शेतकऱ्यांवर 9 ऑगस्ट 2011 रोजी पुणे-मुंबई द्रुतगती मार्गावर बऊर गावाजवळ गोळीबार झाला आणि एका महिलेसह तिघे जण मरण पावले. त्या वेळी सत्तेवर काँग्रेस आणि राष्ट्रवादी होते, तर रस्त्यावर उतरलेल्यांच्या बाजूने शिवसेना आणि भाजप उभे होते. 1956 व 1984 मध्ये गोळीबार काँग्रेसच्या राजवटीत झाला, 1997 मध्ये युतीच्या आणि 2011 मध्ये आघाडीच्या. महाराष्ट्रातील प्रत्येक मोठ्या पक्षाने कधी ना कधी गोळीबाराचे समर्थन केले आहे आणि कधी ना कधी त्याचा निषेधही केला आहे. या सर्वांना पुरून उरेल अशी समान कार्यपद्धती घडवण्याची गरज मात्र सत्तेवर असताना कोणालाच वाटली नाही.

टाळ्यांचा आवाज

जमावावरील गोळीबाराला निदान शोक तरी लाभतो. चकमकीला अनेकदा टाळ्या मिळतात. 1980 च्या दशकापासून मुंबईत संघटित गुन्हेगारीविरुद्ध चकमक हे जणू प्रशासकीय हत्यार बनले, आणि 1990 च्या दशकात काही पोलीस अधिकारी त्यांच्या नावावरील मृतांच्या आकड्यांमुळे प्रसिद्धीच्या झोतात आले. त्यांच्यावर चित्रपट निघाले. न्यायालये तुंबलेली, साक्षीदार घाबरलेले, खंडणीचे फोन रोजचे, अशा शहरात झटपट निकालाचे आकर्षण मध्यमवर्गाला वाटले यात नवल नाही. मात्र मेलेला खरोखर गुन्हेगार होता काय आणि त्याच्या हातात खरोखर शस्त्र होते काय, हे सांगणारा एकमेव साक्षीदार गोळी झाडणारा पोलीसच असतो, ही या पद्धतीतील मूळ खोट आहे.

1995 ते 1997 या काळातील मुंबईतील 99 चकमकी आणि त्यांतील 135 मृत्यूंवरून पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज या संघटनेने महाराष्ट्र शासनाविरुद्ध जे प्रकरण लढवले, त्यात सर्वोच्च न्यायालयाने 23 सप्टेंबर 2014 रोजी 16 मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. चकमकीतील मृत्यूबाबत गुन्हा नोंदवणे, तपास गुन्हे अन्वेषण विभागाने किंवा दुसऱ्या ठाण्याच्या पथकाने करणे, दंडाधिकारीय चौकशी, शस्त्रांची न्यायवैद्यक तपासणी आणि घटनेनंतर लगेच बढती वा शौर्यपदक न देणे, हे त्यांतील मुख्य मुद्दे. महाराष्ट्रातील प्रकरणातून निघालेला हा आदेश सर्व देशाला लागू आहे.

या आदेशाच्या आधीच एक प्रकरण न्यायालयात उभे राहिले होते. 11 नोव्हेंबर 2006 रोजी वाशीहून उचललेल्या रामनारायण गुप्ता ऊर्फ लखनभैया याला त्याच संध्याकाळी वर्सोव्यात चकमकीत मारल्याचे दाखवण्यात आले. त्याच्या वकील भावाने वर्षानुवर्षे पाठपुरावा केला, उच्च न्यायालयाच्या आदेशाने विशेष तपास पथक नेमले गेले, आणि 2013 मध्ये सत्र न्यायालयाने 13 पोलिसांसह 21 जणांना जन्मठेप सुनावली. तेथे निर्दोष सुटलेले माजी पोलीस अधिकारी प्रदीप शर्मा यांनाही 19 मार्च 2024 रोजी मुंबई उच्च न्यायालयाने दोषी ठरवून जन्मठेप दिली. तपास आरोपींच्या खात्याबाहेरच्या देखरेखीखाली गेला की पुरावा उभा राहू शकतो, हा या प्रकरणाचा धडा आहे. आणि तो मिळवण्यासाठी मृताच्या घरात कायदा जाणणारा माणूस असावा लागला, हे त्याचे वैगुण्य आहे.

सर्वोच्च न्यायालयाच्या मार्गदर्शक तत्त्वांना बरोबर दहा वर्षे पूर्ण झाली त्या दिवशी, 23 सप्टेंबर 2024 रोजी, बदलापूरच्या शाळेतील बालिकांवरील अत्याचाराच्या प्रकरणातील तरुण आरोपी तळोजा कारागृहातून नेला जात असताना पोलीस वाहनात गोळी लागून मेला. त्याने पोलिसाचे पिस्तूल हिसकावल्याचे सांगण्यात आले. गुन्हा अमानुष होता आणि लोकांचा संताप खरा होता. तरीही फटाके वाजले, पेढे वाटले गेले आणि सूड पूर्ण झाल्याचे फलक मुंबईत झळकले, तेव्हा आरोप सिद्ध होण्याआधीच खटला संपल्याचे दुःख फार थोड्यांना झाले. जानेवारी 2025 मध्ये दंडाधिकारीय चौकशीच्या अहवालाने पोलिसांच्या स्वसंरक्षणाच्या दाव्यावर शंका घेऊन पाच पोलिसांना जबाबदार धरले, आणि एप्रिलमध्ये उच्च न्यायालयाने विशेष तपास पथकाचा आदेश दिला. खटला चालला असता तर शाळेच्या व्यवस्थेतील आणि तक्रार नोंदवण्यातील दिरंगाईतील किती जण उघडे पडले असते, हा प्रश्न पेढे वाटणाऱ्यांनी विचारला नाही. आरोपी मेला की त्याच्याबरोबर पीडितांचा न्यायालयात सत्य ऐकण्याचा हक्कही मरतो.

पोलिसांची बाजू

या सर्व चर्चेत पोलिसांच्या परिस्थितीचा विचार न करणे अन्यायाचे होईल. सलग बारा-बारा तासांची बंदोबस्ताची कामे, रद्द होणाऱ्या रजा, अपुरी संरक्षक साधने आणि दगडफेकीत जखमी होणारे सहकारी, हे पोलीस शिपायाचे रोजचे वास्तव आहे. ज्या मागण्यांवर मंत्र्यांनी आणि प्रशासनाने महिनोन्महिने चर्चा टाळलेली असते, त्या मागण्यांचा स्फोट झाल्यावर पहिल्या रांगेत उभा केला जातो तो शिपाईच. पण नेमकी हीच परिस्थिती स्पष्ट नियमांची गरज वाढवते. गोळी झाडण्याचा हुकूम कोणी, केव्हा आणि कोणत्या कारणाने दिला याची नोंद झाली, तर प्रामाणिक अधिकाऱ्याला तिचे संरक्षण मिळते आणि तोंडी हुकूम देऊन नामानिराळे राहणाऱ्या वरिष्ठाला लपायला जागा उरत नाही. जबाबदारीची पद्धत पोलिसांविरुद्ध आहे असे मानणे हा या विषयातील सर्वांत मोठा गैरसमज आहे.

काय व्हायला हवे

उपाय अज्ञात नाहीत. प्रकाश सिंह प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 22 सप्टेंबर 2006 रोजी दिलेल्या सात निर्देशांत पोलीस तक्रार प्राधिकरणाचा समावेश होता, आणि महाराष्ट्राने 2014 मध्ये पोलीस अधिनियमात दुरुस्ती करून ते स्थापन केले. पोलिसांच्या गोळीने झालेला प्रत्येक मृत्यू, तो जमावातला असो वा चकमकीतला, तक्रार येण्याची वाट न पाहता या प्राधिकरणापुढे जायला हवा, आणि त्याला स्वतःचा तपासी वर्ग मिळायला हवा. जमावावरील गोळीबाराबाबतच्या खटल्याच्या मंजुरीलाही 120 दिवसांची मुदत लागू व्हायला हवी. चौकशी आयोगाचा अहवाल आणि त्यावर शासनाने काय केले हे सांगणारा कृती अहवाल सहा महिन्यांत विधिमंडळापुढे ठेवण्याची तरतूद 1952 च्या कायद्यात आहेच. तिचे पालन झाले की नाही हे विचारण्याचे काम आमदारांचे आहे, आणि आमदारांना ते विचारायला लावण्याचे काम मतदारांचे.

त्याहून अवघड काम समाजाचे आहे. पोलिसांच्या गोळीने कोणी मेले की पहिला प्रश्न मृताच्या जातीचा, धर्माचा, पक्षाचा किंवा त्याच्यावरील आरोपांचा विचारला जातो, आणि त्या उत्तरावरून हळहळायचे की टाळ्या वाजवायच्या हे ठरते. विचारायला हवा तो प्रश्न एकच आहे : त्या क्षणी गोळी झाडण्याची गरज होती काय, आणि ती ठरवणाऱ्याने त्याचा हिशेब दिला काय? नंदुरबारच्या मुलांसाठी, हुतात्मा चौकातील निदर्शकांसाठी, रमाबाई नगरच्या रहिवाशांसाठी, मावळच्या शेतकऱ्यांसाठी आणि बदलापूरच्या आरोपीसाठीही हाच प्रश्न समान कठोरपणे विचारणारा महाराष्ट्र घडला, तरच पुष्पचक्र वाहण्याला अर्थ आहे. जो समाज आपल्याला न आवडणाऱ्या माणसाच्या मृत्यूचा हिशेब मागत नाही, त्याला आपल्या मुलाच्या मृत्यूचा हिशेबही मिळत नाही.